मधला खांब

"आज वारा कुणाचा गं?"

सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण हा आवाज साकुएच्या कानातून गेला नव्हता. ती लग्न होऊन इवाबारूत आली तेव्हापासून रोज सकाळी तो ऐकायची. सासूबाई अंगणाच्या कडेला उभ्या राहून, डोंगराकडे तोंड करून हाळी द्यायच्या, आणि कुंपणापलीकडून कुणीतरी उत्तर द्यायचं, "आज पलीकडच्यांचा," नाहीतर, "आज आपलाच बाई." आपला म्हटलं की दोरीवरचं धुणं आत, मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपांवर फडकी, आणि खराटा हातात. डोंगर काय, ज्वालामुखीच तो, रोजच धुपायचा. राख कुणाच्या दारात पडायची ते वारा ठरवायचा.

आता सासूबाई वरच्या वाटेवर दगडाखाली होत्या. सोबत सासरे, आणि साकुएचा नवरा योशितो. दगडावर पत्र्याचं छप्पर होतं, कारण इवाबारूत माणसाने एक वेळ स्वतःच्या डोक्यावरचं गळकं छप्पर चालवून घेतलं असतं, पण पितरांना राखेत उघडं ठेवलं नसतं.

आणि त्या छपरावर या घडीला तोमेक चढून बसला होता.

"साकुए-सान, हा पत्रा पार गेला हो," तो वरून ओरडला. "थांबा, मी काढते."

पोलंडहून आलेला हा दाढीवाला धिप्पाड गडी स्वतःबद्दल बोलताना 'मी काढते, मी जेवते, मी दमले' असंच बोलायचा. इथली भाषा तो शिकला साकुए आणि शेजारची हात्सुमी या दोन म्हाताऱ्यांच्या तोंडून, तेव्हा दुसरं होणार काय! पलीकडच्या गावातला टपालवाला त्याच्याशी बोलताना खाली बघून हसू दाबायचा. साकुएलाही सुरुवातीला हसू यायचं. आज मात्र तिच्या कपाळाची शीर तटतटली.

"सावकाश," ती वर बघून म्हणाली. मनात म्हणाली, उतर रे बाबा. उतर आणि घरी जा. जिथे उद्या कुणी राहायचं नाही तिथले पत्रे कसले बदलतोस!

कारण हिगान जवळ आला होता, वसंतातले पितरांचे दिवस. त्या दिवसांत तिचा मुलगा तेत्सुया ओसाकाहून येणार होता. मंदिरातले पुजारी मंत्र म्हणणार, दगड सरकवला जाणार, आणि सासूबाई, सासरे, योशितो, तिघंही पांढऱ्या फडक्यांत बांधलेल्या कलशांतून बोटीने खाडी ओलांडून आगगाडीत बसणार. त्यांच्याबरोबर साकुए. इवाबारूत हे कुणाला ठाऊक नव्हतं. हात्सुमीलाही नाही. हात्सुमीला तर नाहीच.

*

गेल्या शरदात साकुए पडवीतली राख झाडता झाडता पायरीवरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. तेत्सुया दवाखान्यात आला. रागावला नाही, उपदेश केला नाही. खिडकीकडे तोंड करून बसला, आणि थोड्या वेळाने त्याचे खांदे हलायला लागले. केस पिकायला आलेला लेक असा पाठमोरा रडताना बघून आईचा जीव कालवणार नाही तर काय होणार? "सकाळी उठलो की आधी तुझा डोंगर बघतो मी फोनवर," तो म्हणाला, "आणि मग दात घासतो." साकुएच्या तोंडून निघून गेलं, "तू म्हणशील तसं."

त्याने तो होकार धरला. धरणारच. लगेच कामाला लागला. ओसाकात म्हणे एक इमारत होती, तिथे कार्ड टेकवलं की आपल्या पितरांची पेटी आपोआप सरकत पुढ्यात येते. ऊन नाही, पाऊस नाही. "आणि राख तर नाहीच," तो फोनवर किती आनंदाने म्हणाला होता. मग मी तिथे जाऊन झाडू काय, असं साकुएच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं.

तेत्सुयाला इवाबारूची रीत माहीत नव्हती असं नाही, पण ती हाताने केलेली नव्हती. खराटा घेऊन वर गेलेल्या बाईने आपलाच दगड झाडून माघारी फिरायचं नाही, ही ती रीत. शेजारचा झाडायचा, त्याच्या शेजारचा झाडायचा, कुणाच्या फुलदाणीतली फुलं मान टाकून बसली असतील तर आपल्यातली दोन तिथे खोवायची. घरं नांदती होती तेव्हा याचं कुणाला काही वाटलं नाही. गप्पा मारता मारता व्हायचं. मग एकेक घर खाडीपलीकडे गेलं, कुणी त्याहून लांब. जाताना प्रत्येक जण कमरेत वाकून म्हणायचा, आमच्याकडेही एक फूल ठेवत जा हो. ठेवतो, असं म्हणायचंच असतं. म्हणता म्हणता वरची वाट दगडांनी भरून गेली आणि खराटा धरणाऱ्या दोघी उरल्या. साकुए आणि हात्सुमी. बाकी जी दोन-चार घरं होती, तिथली माणसं अंथरुणातून खिडकीपर्यंत येऊ शकत होती, एवढंच.

दोघींतली एक गेल्यावर दुसरीचं काय, हा विचार साकुएच्या मनात रोज उठायचा आणि ती रोज त्याला झाडून टाकायची. राखेसारखाच तो. पाठ वळवली की परत तिथेच.

*

परदेशी पोरं गावात यायला लागली त्याला बरीच वर्षं झाली. खाडीपलीकडच्या शहरातली एक संस्था त्यांना पाठवायची: डोंगराच्या पायथ्याच्या गावांत हंगामभर राहायचं, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, दोन वेळा जेवायचं. साकुएच्या मागच्या खोलीत किती राहून गेली. एकीला राखेची इतकी भीती की डोळ्यांवर पोहायचा चष्मा लावून अंगण झाडायची. एक जण रोज डोंगरासमोर मांडी घालून बसायचा आणि बिवा या पिवळ्या फळांच्या बागेत काम निघालं की त्याची पाठ दुखायची. सगळ्यांना हंगामभर शिकवायचं. काम जरा हातात बसलं की त्यांचे दिवस भरायचे. बोटीच्या धक्क्यावर गळ्यात पडून रडायची, पुन्हा येऊ म्हणायची. पहिल्या नवीन वर्षाला शुभेच्छांचं कार्ड यायचं. दुसऱ्या वर्षी डोंगराची राख तेवढी यायची.

म्हणून तोमेक आला तेव्हा साकुएने मनाचं दार अर्धंच उघडलं होतं. तो पडला चिकट. काय करू, आणखी काय करू, असं दिवसभर मागे मागे. बिवाच्या कोवळ्या घोसांना कागदी पिशव्या बांधायच्या म्हणजे फळावर राख बसून ते डागाळत नाही. याने पहिल्या दिवशी त्या अशा आवळून बांधल्या की देठांचा गळाच घोटला. दुसऱ्या दिवशी इतक्या सैल की अर्ध्या पिशव्या वाऱ्याने हात्सुमीच्या कोबीत नेऊन टाकल्या. साकुए त्याच्या मागून फिरत एकेक गाठ सोडून परत बांधायची आणि चरफडायची. मदत म्हणायची ही, की दुप्पट काम? हात्सुमी कुंपणावरून गंमत बघायची आणि मुद्दाम सासूबाईंच्या वेळचं गाणं काढायची:

*डोंगर गं धुपतो, राख उधळे उन्हामधी*
*माझ्या फळांच्या बाळांना कुंची शिवली कागदी*

"याच्या कुंच्या बघ," हात्सुमी म्हणायची. "पोरं गुदमरून मरायची गं."

पण गडी शिकला. बागेतलं काम संपत आलं तशा त्याच्या गाठी साकुएच्या गाठींहून ओळखू येईनाशा झाल्या. आणि नेमकं तेव्हाच हात्सुमीच्या डोक्यात ते छपराचं खूळ शिरलं.

हात्सुमीच्या घरचा दगड आणि साकुएच्या घरचा दगड वरच्या वाटेवर शेजारी शेजारी होते. दोघींच्या नवऱ्यांनी तरुणपणी एका हिगानला रताळ्याची दारू पिऊन दोन्ही छपरं एका दमात उभी केली होती. जास्तीचं लाकूड वर वाहून न्यायचा कंटाळा, म्हणून मध्ये खांब एकच. दोन्ही छपरं त्याच्यावर टेकलेली. तो पहिल्या दिवसापासून जरा तिरका होता, जसे त्या संध्याकाळी ते दोघे होते. आता बुडातून कुजला होता.

"साकुएचा पाय मोडला, तिला काही जमायचं नाही," हात्सुमी तोमेकला म्हणाली. "तू कर. छपरं नवी, खांब नवा, बुडाला काँक्रीट. आम्ही दोघी त्याच्याखाली जाईपर्यंत टिकलं पाहिजे." मग साकुएकडे वळून, "माझ्याकडून तुला. पाय बरा झाल्याचं."

साकुएने मान लववली. आभार मानले. घरी येऊन चुलीवरचं तांदळाचं भांडं इतक्या जोरात आपटलं की झाकण कोपऱ्यात घरंगळत गेलं.

*

तिने काय काय करून बघितलं नाही! आधी बाग संपव, म्हणाली. तोमेकने दोन दिवसांत बाग संपवली. वारा आपला आहे, पडत्या राखेत काम नको, म्हणाली; वारा उलटला आणि आभाळ असं निळं पडलं की जसं काही डोंगरही हात्सुमीला सामील होता. हिगान झाल्यावर करू, म्हणाली; तर हात्सुमीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी जेवण झाल्यावर चूल पेटवू म्हणत आहे.

नुसतं सांगायचं होतं. एक वाक्य. ते रोज सकाळी ती तोंडात घोळवत वर जायची, आणि हात्सुमी खराट्यावर रेलून विचारायची, "काय गं साकुए, आज वारा कुणाचा?" गावात हा प्रश्न विचारणारी ती एकच उरली होती, आणि उत्तर देणारीही एकच. साकुए उत्तर द्यायची, आणि ते वाक्य तोंडातच राहायचं.

मग एका दुपारी तोमेकने येऊन विचारलं, काँक्रीटला रेती हवी, बोटीने जाऊन आणावी लागेल. पण रस्त्याच्या कडेला राखेच्या पिवळ्या पिशव्या रचून ठेवल्यात, नगरपालिकेची गाडी यायची आहे, त्यातली वापरली तर चालेल का? डोळे चमकत होते त्याचे. याच डोंगराची राख, याच गावच्या पितरांचा खांब, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. शब्द नव्हते, पण दोन्ही हातांनी तो डोंगर आणि खांब एकमेकांना जोडून दाखवत होता.

या राखेने काँक्रीट धरत नाही, हे इवाबारूतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. मैद्यासारखी बारीक, वर खारट. पाणी पिऊन फुगते आणि बसून राहते.

"वापर," साकुए म्हणाली.

दोन दिवसांनी हात्सुमीने वर जाऊन नव्या खांबाला एक बोट लावलं. खांब सावकाश, जणू झोप आल्यासारखा, साकुएच्या सासूबाईंवर कलला. बुडाशी काँक्रीट नव्हतंच, ओली खीर होती. हात्सुमीच्या तोंडाचा पट्टा सुटला. आंधळा आहेस का, असं कोण करतं, दगडाचा टवका उडाला असता म्हणजे, तुमच्याकडे पितरांना हेच खाऊ घालता का. तोमेक कमरेत वाकून उभा राहिला. "माझं चुकलं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. साकुए-सानने सांगितलं, असं म्हणाला नाही. मान वर करताना एकदा फक्त त्याने साकुएकडे पाहिलं. रागाने नाही. पिशवीची गाठ बरी बांधली गेली की नाही, असं विचारताना पाहायचा, तसं.

तळपायाची आग मस्तकात जावी तसं झालं साकुएला. बोल ना रे, तिला ओरडावंसं वाटलं. नाव घे माझं. तू नाव घेतलंस की हात्सुमी का म्हणून विचारेल, आणि का विचारलं की मला सांगता येईल. सगळ्या हंगामात एक काम तू माझ्या उपयोगाचं केलं असतंस!

तो मुकाट्याने ती खीर फावड्याने काढायला लागला.

संध्याकाळी तेत्सुयाचा फोन आला. पुजाऱ्यांचं ठरलं होतं, दगड हलवणाऱ्या माणसांचं ठरलं होतं. तिच्यासाठी दक्षिणेकडची खोली रिकामी केली होती, नातीने पडदे निवडले होते. मग त्याने विचारलं, "आई, तुला खरंच चालेल ना?"

बाहेर डोंगर घुमला. खिडकीची काच हलकेच थरथरली. असा विचारलेला प्रश्न आयुष्यात एकदा येतो, आणि तिला दिसली ती त्याची पाठ, हलणारे खांदे.

"चालेल की," ती म्हणाली. "न चालायला काय झालं."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्वतःवरच इतकी चिडून बसली की चहा गार झाला, तो तिने फेकून दिला आणि दुसरा केलाच नाही.

*

तोमेक बोटीने जाऊन रेती घेऊन आला. खरी, नदीची. चढणीवरून ढकलगाडी वर नेताना त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. साकुए आपल्या अंगणातून बघत होती. डोंगराच्या तोंडातून करडा लोट उठला, आभाळात जरा रेंगाळला, आणि मग माहेरी निघाल्यासारखा सरळ इवाबारूकडे वळला. वारा आपला होता. तिने डोक्याला फडकं बांधलं, खराटा घेतला आणि दुखऱ्या पायाने वाट चढायला लागली. आज तरी थांबतील, असं तिला वाटलं होतं.

कुणी थांबलं नव्हतं. तोमेकने खड्ड्यावर ताडपत्री ताणली होती आणि तिच्याखाली घमेल्यात काँक्रीट कालवत होता. खांब दोरीने बांधून सरळ उभा धरला होता, इतका सरळ की बघवत नव्हता. हात्सुमी पलीकडे कुणाकुणाचे दगड झाडत होती: जे ओसाकाला गेले त्यांचे, जे नुसतेच गेले त्यांचे. झाडता झाडता गुणगुणत होती,

*वारा बाई वारा, आज कुणाच्या गं गावा*
*माझ्या शेजारणीसंगं झाडू माझा गं चालावा*

राख पडायला लागली. बारीक, कोरडी, पत्र्यावर तिचा आवाज धान्य पाखडल्यासारखा येत होता.

"आलीस का," हात्सुमी म्हणाली. "बरं झालं. पहिलं घमेलं तुझ्या हातचं पडू दे. तुझ्या सासूने बघितलं तर म्हणेल, सुनेने केलं काहीतरी." मग तोमेककडे बघून, "या वेळी खीर नाही ना रे?"

"नाही हो नेसान," तोमेक साकुएसारखीच थोरल्या बहिणीची हाक मारत म्हणाला. "या वेळी मी नीट करते."

त्याने घमेलं उचललं आणि साकुएपुढे धरलं. साकुएने ते घेतलं नाही. तिने हातातला खराटा खड्ड्यावर आडवा टाकला.

हात्सुमी हसली. "आता काय? वारा वाकडा आहे?"

"मधला खांब घालू नका."

"का?"

साकुएच्या तोंडात राख गेली होती, की शब्दच तसे लागत होते, कोण जाणे. "माझी बाजू रिकामी होतेय," ती म्हणाली. "हिगानला तेत्सुया येतोय. तिघांना न्यायला. मलाही. मी हो म्हणून बसले आहे, हाड मोडलं तेव्हापासून." आणि मग, आता थांबलं तर बाकीचं परत तोंडातच राहील म्हणून, "ते राखेचं काँक्रीट मीच करायला सांगितलं होतं याला. याची काही चूक नव्हती."

तोमेकने घमेलं हळूच खाली ठेवलं. त्याला सगळं कळलं की नाही, सांगता येत नव्हतं. हात्सुमी खराटा धरून तशीच उभी होती. डोक्यावरच्या फडक्यावर राख बसत होती, ती झटकायला तिचा हात उठत नव्हता. बाई एकदम म्हातारी दिसायला लागली.

"याने तुझ्याकडे बघितलं आणि नाव घेतलं नाही, तेव्हाच कळलं मला," ती शेवटी म्हणाली. "का केलंस ते तेवढं कळलं नव्हतं." तिने वाटेकडे बघितलं, वर, खाली, दगडामागून दगड. "मग जा की. पोरगं बोलावतंय, जावंच. निरोप घ्यायला आलीस तर वाकून घे, म्हण, आमच्याकडेही एक फूल ठेवत जा. सगळे म्हणाले, तूही म्हण."

साकुएने तोंड उघडलं. ते वाक्य तिला पाठ होतं; इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं. कमरेत वाकायला ती पुढे झालीसुद्धा, पण वाकली नाही. तिचा हात मधल्या खांबावर जाऊन बसला, आणि तिथेच राहिला.

"ते नाही म्हणायचंय मला, नेसान," ती म्हणाली. "मला जायचं नाहीये. तेत्सुयाला हे सांगितलं नाही, कुणालाच नाही. मला जायचंच नाहीये."